रोग होऊन बघताना

माती तपासली, पाणी तपासलं, बियाणंही तपासलं. सगळं निर्दोष निघालं, तरी संकेश्वरजवळच्या त्या वाफ्यातली मिरचीची रोपं यंदाही पिवळी पडून आक्रसलीच. शेतकी कॉलेजात शिकलेली तेजस्वी वैतागून बांधावर डोळे मिटून बसली. “झोपलीस व्हय गं लेकी?” तिच्या वडिलांनी, आप्पांनी विचारलं. “न्हाय आप्पा. आत्ता मीच रोग हाय. मला या कवळ्या पानांपर्यंत कोण आणून सोडतंय, त्येच बघायचंय.” वारा? माशी? खुरपं? तेवढ्यात चुन्यात मळलेल्या तंबाखूचा वास नाकात शिरला आणि तिनं दचकून डोळे उघडले. चिमूट दाढेखाली धरून आप्पा त्याच हातानं एकेक रोप कुरवाळत निघाले होते. “आप्पा, थांबा! सगळं तपासलं, तुमचा हात तेवढा राहिला. तंबाखूतला रोग त्यानंच पसरतोय!” पोरीला रडू फुटलं; तिच्या डोक्यावरून फिरवायला उचललेला हात आप्पांनी हवेतच थांबवला.