झोपेचा खटला

“झोप कुठल्या दुकानात मिळते, बाईसाहेब? बाटलीत भरून येते का?”

वकीलबाईंच्या या प्रश्नावर न्यायाधीशबाईंनी चष्मा वर सरकवला. भिंतीशी उभा असलेला पोलीस हसू दाबायला मिशीवरून हात फिरवू लागला. वकीलबाईंना तेवढंच हवं होतं. त्यांचा हा तिसराच खटला, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते ते सख्ख्या बहिणीचे यजमान, बेकरीची गाडी चालवणारे भाऊजी.

भाऊजींनी पहाटे ब्रेड पोचवता पोचवता गाडी चौकातल्या बागेच्या कुंपणात घातली होती. कुणाला खरचटलंही नाही. पण याच पोलिसाने खांदा हलवून नाव विचारलं तेव्हा ते म्हणाले, “साधे वीस, गव्हाचे दहा.” पोलिसाने लिहून टाकलं, नशेत. फुंकायच्या यंत्राने शून्य दाखवलं तरी पठ्ठ्याने कलम काही बदललं नाही. आता परवाना न्यायाधीशबाईंच्या टेबलावर पडला होता. तो गेला की नोकरी गेली, आणि घरात चार महिन्यांची जुळी.

“पिणारा आपल्या हाताने पेला तोंडाला लावतो,” वकीलबाई म्हणाल्या. “झोप काही विचारून येत नाही. कधी आली हे माणसाला कळतसुद्धा नाही. मग दोघांना एकाच माळेचे मणी कसं म्हणायचं?”

मुद्दा बिनतोड होता. रात्रभर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जागून त्यांनी तो घासूनपुसून लख्ख केला होता.

न्यायाधीशबाई आरोपीकडे वळल्या. “आज इथे कसे आलात?”

वकीलबाईंनी हळूच ओठांवर बोट ठेवलं. सकाळीच बजावलं होतं, भाऊजी, तोंड उघडू नका. पण भाऊजी पडले सरळमार्गी. कुणी विचारलं की सांगून मोकळे.

“बायकोने आणलं. रात्री जुळ्यांनी पाळी लावून जागवलं, म्हणून किल्ली तिलाच देऊन टाकली.”

“म्हणजे झोप येणार हे आधी कळतं?”

“न कळायला काय झालं? आधी जांभया. मग रस्त्यावरची पाटी दोनदा वाचावी लागते. पाटी दोनदा वाचली की समजायचं, आता आपलं काही खरं नाही.” त्यांची मान खाली गेली. “त्या दिवशीही वाचली होती, बाईसाहेब. दोनच दुकानं उरली होती, म्हटलं उरकून टाकू. कुणी फिरायला निघालेलं माणूस मध्ये आलं असतं तर? अजून अंगावर काटा येतो.”

वकीलबाईंनी फाइल तोंडावर धरली. रात्रभराच्या मेहनतीवर घरच्याच माणसाने बोळा फिरवला होता.

न्यायाधीशबाई मात्र हसल्या.

“नशेच्या कलमात दारू आहे, गुंगीची औषधं आहेत. झोप नाही, आणि माझ्या मनाने मी ती घुसवणार नाही. पण झोप कळते म्हणता, तर निष्काळजीपणा तुमच्या पदरात पडतोच. ते कुंपण स्वतःच्या हाताने नीट करून द्या.” परवान्यावर त्यांनी क्षणभर बोट ठेवलं. “हा घेऊन जा. किल्ली सोडायला शिकलात, तेवढं मला पुरे.”

पोलिसानेच परवाना भाऊजींच्या हातात आणून दिला. “कुंपणाला याल तेव्हा हाक मारा,” तो म्हणाला. “खांब धरायला येईन.”

बाहेर ताई गाडी घेऊन उभी होती. मागच्या सीटवर जुळ्यांच्या मधे भाऊजी बसले, आणि गाडी हलायच्या आत तिघांचेही डोळे मिटले.

“तुझ्या नवऱ्याने माझ्या मुद्द्याचं पार वाटोळं केलं बघ,” वकीलबाई म्हणाल्या. आनंद काही लपत नव्हता. खटला जिंकल्याच्या तोऱ्यात त्या आपल्या स्कूटरकडे गेल्या आणि किल्ली लावली. एक जांभई आली. ती त्यांनी हातानेच परतवली. समोर फाटकावर पाटी होती, ‘वाहने सावकाश चालवा.’

त्यांनी ती वाचली. मग पुन्हा वाचली.

किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि त्या धावत सुटल्या.

“ताई, थांब गं! पुढे जागा आहे ना?”