देशी गाडीचं दार

सरकारने परदेशी गाड्यांवरचा कर उठवला आणि वर्षभरात देशी गाडीच्या कारखान्याला टाळं लागलं. उभा जन्म तिथे दारं बसवण्यात घालवलेल्या बाबांनी परदेशी गाडीत पाय ठेवणार नाही, असं ठणकावलं होतं. पण लेकीनेच घेतल्यावर करतात काय! बसताच त्यांनी सवयीने दार जरा उचलून दणकन ओढलं. कारखान्याच्या गाडीचं दार तसंच लागायचं. “बाबा, हा काय तुमचा खटारा आहे? एका बोटाने लागतं हे!” लेक करवादली. बाबा तोंड फिरवून बसले. वाटेत कारखान्याचं गंजलेलं फाटक दिसलं तशी तिने गाडी थांबवली. लहानपणी बाबांचा डबा आणायची तेव्हा नव्याकोऱ्या गाडीचं दार लावून बघायचा मान तिचा असायचा. उतरल्यावर फाटकाकडे बघतच तिने दार जरा उचलून दणकन लावलं. बाबा म्हणाले, “अगं, एका बोटाने लागतं ना ते?”