घाटावरचे गोटे

हेरंबने मागच्या अंगणात शेवटचं पोतं ओतलं. फरशीचा भाव ऐकून त्याला घाम फुटला होता, म्हणून नदीच्या घाटावरचे गुळगुळीत गोटे त्याने चार फेऱ्यांत फुकट आणले होते. आईला संध्याकाळी बसायला जागा झाली.

पायरीवर बसलेल्या आईने एक गोटा उचलला. त्याला काळे तीळ चिकटले होते.

"कुठल्या घाटावरचे रे?"

"बाबांचं दहावं केलं तिथले."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. गेलेल्या माणसाचा जीव ज्या खड्यात असतो असं मानतात, तो जीवखडा अख्खा गाव तिथेच सोडतो. दोन महिन्यांपूर्वी त्यानेही सोडला होता. आणि आता बाबांना पोत्यात भरून परत घरी आणलं होतं, शेजारपाजाऱ्यांसकट. त्याने पाय उचलला, पण ठेवायला मोकळी जागाच नव्हती.

"उद्या सगळे परत सोडतो, आई."

"सोड की. पण ह्यांनी जन्मात पहिल्यांदाच एवढी माणसं घरी आणलीयेत. आधी चहा टाक."

मग ती पायरीवर जराशी सरकली, शेजारी कुणाला तरी जागा करून द्यावी तशी.