टिकारामची दहावी

"तुमची तं दहावी झाली हाय ना?" कांतानं विचारलं.

तिच्या हातात दहावीचं विज्ञानाचं पुस्तक होतं. नवऱ्याच्या ड्यूटीच्या पिशवीतून डबा काढताना ते हाती लागलं होतं. वर वर्तमानपत्राचं कव्हर. लेक प्रेरणा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा ते तिचं असणं शक्य नव्हतं.

टिकाराम खाली मान घालून बूट सोडत राहिला. त्याला नावानं हाक मारली की दोनदा मारावी लागायची. कांताला त्याची सवय होती.

"बोला ना."

"रविवारच्या क्लासले जाऊन राहिलो. सेक्टर सहाले. ओपन स्कूलची दहावी."

"कावून?"

"दुसरी नोकरी पाहू म्हनतो. तिथं दहावीचा कागद मागतेत."

"मंग तुमच्यापाशी हाय ना तो?"

"तो नाई चालत."

"खोटा हाय?"

"कागद खरा हाय," तो हळूच म्हणाला. "पन मी दहावी पास नाई, कांता."

कांतानं पुस्तक परत पिशवीत टाकलं. बावीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी गोंदियाच्या किराणावाल्याचं स्थळ मोडून हा मुलगा पसंत केला होता. दहावी पास, भिलाईत कारखान्याची नोकरी, एकुलता एक. मागे गोतावळा नाही, घरात फक्त म्हातारी आई. ती बिचारी मरेपर्यंत त्याला 'लहान्या' म्हणायची. कांता स्वतः दहावी झालेली. माहेरी गेली की ती बहिणीला ऐकवायची, "आमी दोघंही शिकलेलो हावोत."

तिला राग आला, पण त्याहून जास्त लाज वाटली. आणि ती लाज ती त्याच्यावर काढू लागली.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही घेऊन बसे. गणितात अडला की ही फोडणी देता देता बोले, "हे तं सातवीच्या पोरीले येते. इतकंही येत नोतं अन् दहावी सांगून लगन केलं."

"मम्मी, बस ना! कितना सुनाओगी उनको?" प्रेरणा आतून ओरडायची.

टिकाराम खोडरबरानं खोडायचा, फुंकर मारायचा, पुन्हा मांडायचा.

एक दिवस शेजारची अन्नपूर्णा नळावर म्हणाली, "काल भाऊजी दिसले सेक्टर सहाच्या शाळेत. पोरायच्या मंधात बेंचवर बसले होते."

"त्यायच्या साहेबाचं लेकरू सोडाले गेले असन," कांता झटकन म्हणाली.

बादली घेऊन ती घरात आली. टिकाराम चष्मा लावून निबंध लिहीत होता. वय अठ्ठेचाळीस, बोटांवर भट्टीच्या चटक्यांचे डाग, आणि तो पट्टीनं समास आखत होता. हा माणूस पोरांच्या बेंचवर जाऊन बसतो आणि आपल्याला बेंचचं नाव काढलं तरी खोटं बोलावंसं वाटतं. कांताला स्वतःचीच शरम वाटली. तिनं गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

"आना इकडं. वर्गसमीकरन मले येत होतं."

पुढचे तीन महिने तिनं त्याला शिकवलं. तिलाही अर्धं विसरायला झालं होतं. कधी दोघंही चुकायचे आणि प्रेरणाला बोलवायचे. अशा वेळी टिकाराम हसायचा. तो इतका हसतो हे कांताला नव्यानंच कळत होतं.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी तिनं त्याच्या हातावर दहीसाखर ठेवलं. "रोल नंबर देऊन ठेवा. प्रेरणा मोबाइलवर पाहन निकाल."

"नको," तो म्हणाला. "मीच जाऊन आनीन."

निकाल लागला त्या दिवशी त्याची पहिली पाळी होती. कांताला राहवेना. ती दहा वाजताच सेक्टर सहाच्या केंद्रावर जाऊन पोचली. भिंतीवर यादी लावली होती. तिनं 'ट'पासून शोधलं. नव्हतं. मग खिडकीतल्या बाबूला विचारलं. त्यानं रजिस्टर दोनदा चाळलं.

"टिकाराम? इस नाम से तो कोई फार्म ही नहीं भरा है, दीदी."

म्हणजे परीक्षेला बसलेच नव्हते. दहीसाखर खाऊन कुठंतरी फिरून परत यायचे. ती बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. सातवीची पोरगी, लगन, खोटं, सगळं तिला तिच्याच आवाजात ऐकू आलं. आपणच या माणसाचा धीर मोडला. घरी परतताना तिनं ठरवलं, एक शब्द बोलायचा नाही. पुढच्या वर्षी सोबत जाऊन फॉर्म भरायचा.

साडेतीनला टिकाराम आला तो जिलेबी घेऊन.

"पास झालो."

कांताला रडूच आलं. "माह्याशी खोटं नोका बोलू आता. मी जाऊन आली तिथं. तुमचं नाव नाई यादीत. तुमी फार्मच नाई भरला. मी काई म्हनत नाई तुमाले. माह्यामुळंच झालं हे."

टिकारामनं खिशातून घडी केलेला कागद काढून तिच्यासमोर ठेवला. गुणपत्रिका होती. फोटो त्याचाच. एकसष्ट टक्के. नावाच्या जागी लिहिलं होतं, राजकुमार.

"हे कोन?"

"मी," तो म्हणाला. "टिकाराम माह्या मोठ्या भावाचं नाव. दहावी तो पास होता. नोकरीचं बोलावनं आलं, तवा त्याले मरून महिना झाला होता."