शेवटच्या सफरीची रीत

नाशिकच्या फ्लॅटमध्ये निकितानं एका खेळासाठी टेबलावर बुटक्यांचं बंदर उभारलं होतं. पुठ्ठ्याची गोदामं, रेझिनचा समुद्र, बोटाच्या पेराएवढे दाढीवाले व्यापारी. तिथली रीतही तिनंच रचलेली: जो शेवटच्या सफरीला निघतो, तो धक्क्यावर चपला काढून जातो.

आज सकाळी धक्क्यावर चपलांचा जोड होता, तांदळाच्या दाण्याएवढा. तिनं तो केलाच नव्हता.

तिनं भिंग धरलं. डाव्या चपलेचा तुटलेला अंगठा द्राक्षबागेतल्या सुतळीनं बांधलेला होता. ती जोड उचलायला गेली, तर तो जागचा हलेना.

बाहेर मोटारसायकलची किल्ली खुळखुळली. दिंडोरीच्या बागेत फवारणीला निघालेले तिचे वडील दाराशी वैतागले होते.

"निके, रात्री इथंच काढली होती. माझी चप्पल कुठं गेली गं?"