काडीनं डिवचा

“बाबा, दाखवा ना त्याला,” लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली.

मी पडदे ओढले आणि काचेच्या पेटीवर जांभळ्या उजेडाचा टॉर्च धरला. वाळूतला विंचू हिरवागार उजळला. वाळवंटातला, जहाल विषारी. दोन वर्षांपूर्वी माझ्याशी भांडून परदेशी निघताना तिनं हे लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं. तेव्हापासून मी गावाला गेलेलो नाही. याला रातकिडे घालायला दुसरं कोण येणार?

“खातोय ना?”

“खातोय की. तुझ्यासारखाच, नखरे करत.”

ती हसली. “पुढच्या शनिवारी करते फोन.”

फोन बंद झाला. विंचू मरून महिना झालाय. मेलेला विंचूही या उजेडात चमकतो, म्हणून निभावतंय. आता गावाला जायला मी मोकळा आहे. पण खरं सांगितलं, तर ती फोन कशाला करेल? विंचवाखेरीज आमच्यात बोलण्यासारखं उरलंय काय?

पडदे उघडताना लक्षात आलं. पूर्वी दर शनिवारी ती हट्ट करायची, “बाबा, काडीनं डिवचा, नांगी उगारू दे त्याला.”

गेले चार शनिवार तिनं ते एकदाही म्हटलेलं नाही.