हळदीचं गाणं

सोलापुरात छोटा स्टुडिओ चालवणाऱ्या गौसने शिवराजच्या हळदीचं गाणं केलं. त्यात सनईच्या आवाजासाठी संगणकावरचं कुठलंसं फुकटचं प्लग-इन वापरलं आणि घाईत, शेवटचं एकदा न ऐकताच गाणं मोहोळला लग्नघरी पाठवलं. मग स्वतः ऐकलं, तर दर अर्ध्या मिनिटाला एक बाई ठसक्यात म्हणत होती, "ट्रायल व्हर्जन!"

हळदीच्या दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला गेला. नवरदेवाचे वडील, जोतीराम, दारातच भेटले.

"काका, चुकलो. ती मधली बाई..."

"आवं, तिच्यामुळंच हळद रंगली की! ती वरडली की अख्खा मांडव वरडायचा."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी वच्छलाकाकू दोन साड्या घेऊन बाहेर आल्या.

 

"आहेर करायचा हाय. तुमच्या ट्रायलबाई सहावारी नेसत्यात का नऊवारी?"